गावाचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, आलाय. कॉट बेसिसवरच्या पोरांना विचारायचं कुणी?

गेटसमोर:

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा घाईचा.

गावाचं नाव लिहीत नाही. या फोरमवर आमच्याकडचे दोघं-तिघं आहेत आणि त्यातला एक नगरसेवकाचा मेहुणा. कृष्णाकाठचं, तालुक्याचं गाव, एवढं पुरे. माझं दुकान इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटसमोर. झेरॉक्स, स्पायरल, जर्नल, ड्रॉइंग शीट. सबमिशनच्या आठवड्यात रात्री बारापर्यंत उघडं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या कॉट बेसिसवर दिल्यात, म्हणजे खोली नाही, एकेक कॉट भाड्यानं.

वडिलांनी दुकान टाकलं तेव्हा समोर कॉलेज आणि तिन्ही बाजूंनी ऊस. नंतर फार्मसी आलं, नर्सिंग आलं, बीएड होतंच, आणि आता पोलीस भरती-एमपीएससीवाल्या अभ्यासिका प्रत्येक बोळात. उसाच्या जागी तीन-तीन मजली घरं, खाली मालक आणि वर खोलीला चार कॉट. कुणी एनए, म्हणजे बिगरशेती, करून बांधलं, कुणी गुंठा-गुंठा घेऊन तसंच उभं केलं. सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला गेटपासून स्टँडपर्यंतचा रस्ता बघवत नाही. वडाप, बुलेट, हंगामात उसाचे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि कडेनं गटारीच्या फरश्यांवरून चालणाऱ्या पोरी.

तर आता शहराची सुधारित विकास योजना, म्हणजे आपला डीपी, प्रारूप म्हणून प्रसिद्ध झालाय. वीस वर्षांचा. हरकती-सूचनांना तीस दिवस, त्यातले बरेच गेले. पेपरातली नोटीस कुणी वाचली नाही. मला कळलं ते एक वकील तिची झेरॉक्स काढायला आले म्हणून. नकाशा नगरपरिषदेच्या जिन्यात, वळणावर लावलाय. दोन माणसं बघत थांबली की तिसऱ्याला वर जाता येत नाही.

माझ्या दुकानाच्या पुढच्या भागावरून पंधरा मीटरचा रस्ता काढलाय. म्हणजे माझा स्वार्थ आहे यात, आधीच सांगतो. पण तिथं उभं राहून बघता बघता दुसऱ्याच गोष्टी खटकायला लागल्या. कॉलेजच्या मागची नदीकडची मळीची रानं पिवळी दाखवलीत, रहिवासासाठी. २०१९ ला आणि परत २०२१ ला तिथं पाणी होतं. तिकडच्या खोल्यांतली फार्मसीची पोरं आम्ही ट्रॅक्टरनं बाहेर काढली होती. सोबतच्या अहवालात पुढची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून वाढवत नेलीय. कॉट बेसिसवरची पोरं त्यात धरलीत का नाहीत, पत्ता लागत नाही. भाजी मंडई, दवाखाना, मैदान ही आरक्षणं, म्हणजे त्यासाठी राखून ठेवलेल्या जागा, आहेत, नाही असं नाही. पण मैदान गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, साखर कारखान्याच्या रस्त्याला.

चार माणसं गोळा करायला गेलो. शिक्षक कॉलनीतले निवृत्त सर लोक लगेच आले, पण त्यांची सूचना एकच: कॉट बेसिस बंद करा. रात्री एकला वाढदिवसाचे फटाके कुणाला आवडतील, त्यांचंही खोटं नाही. जमीनवाले आले ते आपापला गट नंबर खिशात घेऊन. माझ्यावरचं आरक्षण काढा, पलीकडच्यावर टाका. खानावळवाल्या मावशी म्हणाल्या, "आमची जागाच भाड्याची, आम्हाला कोण इचारतंय?" आणि पोरांना विचारलं तर म्हणतात, "काका, आम्ही काय, चार वर्षांत जाणार."

अरे पण पोरगं जातं, कॉट रिकामी राहत नाही.

आमची नगरपरिषद मधे कित्येक वर्षं प्रशासकाकडं होती. डीपीचं काम सुरू झालं ते त्या काळात. डिसेंबर २०२५ ला निवडणूक होऊन नवे नगरसेवक आलेत, त्यांचं म्हणणं, नकाशा आमच्या आधीचा आहे. म्हणजे बोलायचं कुणाशी?

विचारायचं असं: ज्यांचं मतदान इथं नाही, जमीन इथं नाही, अशा लोकांचं म्हणणं या योजनेत घालायची काही रीत आहे का? आणि घातलं तर कुणी वाचतं का?

आडवा_छेद:

नगररचना खात्यात आरेखक म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त. तुमच्या योजनेशी माझा संबंध नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

पोरांना हरकत घेता येते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम २८. मुदतीत लेखी आलेली सूचना किंवा हरकत विचारात घ्यावी लागते, आणि ती देणारी असते कोणतीही व्यक्ती. मालक हवा, मतदार हवा, घरपट्टी भरणारा हवा, असं तिथे काही नाही. तेव्हा मावशींनाही सांगा. खिडकीवर कुणी सात-बारा किंवा मतदान कार्ड मागून अर्ज परत करू लागला तर एवढंच म्हणा, "कुठल्या कलमाखाली परत करताय ते लिहून द्या." बहुतेक वेळा अर्ज घेतला जातो.

दुसरी गोष्ट कडू आहे. लोक येतात ते शेवटून दुसऱ्या पायरीला. योजना करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हाही सूचना मागवतात. त्या वेळी येणाऱ्या अर्जांची फाईल मी पाहिलेली आहे, फाईल कसली, टाचणी लावलेले चार कागद. मग कलम २५ प्रमाणे विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो. आमची माणसं गावभर फिरून प्रत्येक जागेचा आजचा वापर रंगवतात. खरी मेख इथे आहे. एका कुटुंबाचं बैठं घर आणि अठ्ठेचाळीस पोरं राहतात ती तीन मजली इमारत, दोन्ही एकाच पिवळ्या रंगात जातात. पुढचं पाणी, रस्ता, मैदान सगळं त्या पिवळ्यावरून ठरतं. तुमची पोरं नकाशातून गळाली असतील तर इथेच गळाली.

मुंबईत काय झालं आठवत असेल. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आलं, उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, जुन्या वास्तूंच्या नोंदी गायब. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री फडणवीसांनी ते पुन्हा करायला लावलं. सुधारित प्रारूप २०१६ ला, मंजुरी २०१८ ला. यातल्या बऱ्याच चुका विद्यमान वापराच्या नकाशापासून चालत आल्या होत्या, आणि वस्त्यांत काम करणाऱ्या संघटनांनी तो नकाशा निघाला तेव्हाच त्या दाखवायला सुरुवात केली होती. मुंबईत तेवढी माणसं होती. तालुक्याच्या गावात तो नकाशा बघायला कोण येतो? मी सांगतो, इस्टेट एजंट.

आता तुमच्या हातात आहे ते.

छापील अर्जावर पाचशे सह्या घेऊ नका. तसे अर्ज एकत्र बांधतात, विषय एक, शेरा एक. त्यापेक्षा वीस जणांनी वीस वेगळ्या गोष्टी आपल्या हाताने लिहिलेल्या बऱ्या. एका अर्जात एकच मुद्दा. नकाशातला रस्ता, आरक्षणाचा साईट क्रमांक किंवा गट नंबर, अहवालाचं पान, आज जागेवर काय आहे, आणि त्याऐवजी काय हवं. "विद्यार्थ्यांच्या सोयीचा विचार व्हावा" हे वाक्य हरकती ऐकणाऱ्या समितीसमोर आलं की सगळे माना डोलावतात आणि पुढचा अर्ज घेतात.

लोकसंख्येचा मुद्दा सगळ्यांत मजबूत आहे, तो पुराव्यानिशी मांडा. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, तिच्या मान्यतेतल्या कॉलेजांना आपली प्रवेशक्षमता वेबसाइटवर जाहीर करावी लागते, मँडेटरी डिस्क्लोजर या नावाखाली. इंजिनिअरिंगची, पॉलिटेक्निक असेल तर त्याची बेरीज काढा. फार्मसी, नर्सिंग, बीएडचे आकडे त्या त्या कॉलेजकडून घ्या. अभ्यासिकांच्या खुर्च्या तुम्ही स्वतः मोजू शकता. यातून वसतिगृहात राहणारे आणि एसटीने ये-जा करणारे वजा करा. जे उरतात ते तुमच्या गल्लीत राहतात. पाणीपुरवठ्याचं गणित भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर आणि नसलेल्या गावाला ७० लिटर धरून करतात. तुमची वजाबाकी गुणिले तो आकडा, एवढं एका पानावर द्या आणि विचारा की हे पाणी अहवालाच्या कोणत्या पानावर आहे. जनगणना २०२१ ला झाली नाही, पुढची २०२७ ला आहे, त्यामुळे २०११ वापरणं ही खात्याची मजबुरी आहे. पण कॉलेजच्या जागा वाढतात त्या जन्मदराने वाढत नाहीत. वर्गाला मान्यता मिळाली की एका जूनमध्ये वाढतात.

मळीच्या रानाबद्दल: जलसंपदा विभागाची पूररेषा मागा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. पिवळा पट्टा कोणत्या रेषेच्या आत आहे ते नकाशावर नकाशा ठेवून दाखवा. २०१९ चे फोटो असतील तर मागे तारीख आणि जागा लिहून जोडा.

सर लोकांना सांगा की कॉट बेसिस बंद करणं हे डीपीचं काम नाही, आणि डीपीने ते होणारही नाही. पार्किंग, मैदान, कॉलेजजवळ वसतिगृहाला जागा, हे मागता येतं.

आणि तुमचं दुकान. पंधरा मीटर का, बारात का भागत नाही, रुंदी दोन्ही बाजूंनी सारखी का घेतली नाही, एवढं विचारा. भावनिक लिहू नका, समितीला दुकानं रोज दिसतात.

खवचट_खंडू:

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या डीपीवर २०१३ मध्ये ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या. लोकांनी रांगा लावून दिल्या. मग २०१५ मध्ये सरकारने योजना महापालिकेच्या हातातूनच काढून घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये स्वतः मंजूर केली. झेरॉक्सवाले काका, तुमचा धंदा मात्र होईल. हरकत द्या, पोच घ्या, लॅमिनेट करून भिंतीला लावा.

आडवा_छेद:

खंडूशेठ, त्या हरकतींच्या सुनावण्या झाल्या होत्या आणि आरक्षणं बदललीही होती. कुणाची बदलली आणि का, हे विचारा, ते जास्त झोंबेल. हरकती कमी आल्या की ते काम आणखी गुपचूप होतं.

पुटा_क्रीक:

गेटसमोर दादा, मी मूळची सोलापूरची, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात डेव्हिसला. हेही कॉलेजचंच गाव. विद्यापीठ काढून घेतलं तर टोमॅटोची शेतं उरतील. तुमची पोस्ट वाचून हसूही आलं आणि बरंही वाटलं, की शिक्षक कॉलनी सगळीकडे असते.

आमच्याकडे लोकांना विचारत नाहीत अशी तक्रार कुणी करू शकत नाही. २००० साली इथल्या मतदारांनी मेजर जे नावाचा नियम मंजूर केला. गावाच्या कडेची शेतजमीन बांधकामाला द्यायची तर नगरसभेची मंजुरी पुरत नाही, गावाचं मतदान घ्यावं लागतं. २०१० मध्ये आणि २०२० मध्ये लोकांनी तो नियम पुन्हा चालू ठेवला, मोठ्या बहुमताने. ऐकायला किती छान! मलाही पहिल्यांदा वाटलं, लोकशाही असावी तर अशी.

मग २०१६ मध्ये विद्यापीठाला अगदी लागून असलेल्या निशी नावाच्या जागेवर घरं बांधायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि थोडक्यात पडला. वाहतूक वाढेल, हवा खराब, शेती जाईल. मुद्दे सगळेच खोटे नव्हते. त्या जागेच्या एका बाजूला हायवे आहे, दुसऱ्या बाजूला रेल्वे. पण त्या काळात इथे पोरं दिवाणखान्यात पडदा लावून त्याचं भाडं भरत होती, गाडीत झोपणारेही होते. २०१८ मध्ये तोच प्रस्ताव बदलून आला, सुमारे २,२०० विद्यार्थ्यांच्या राहण्याचा, आणि या वेळी पास झाला. मधल्या काळात विद्यार्थी संघटनेने मतदार नोंदणीला जोर लावला होता.

मला यातून दिसलं ते एवढंच की ज्याचं घर आधीच बांधून झालंय त्याला विचारलं तर तो नवीन घर नको म्हणणार. त्याला दुष्ट म्हणून उपयोग नाही. विचारताना यादीत कोण आहे यावर उत्तर अर्धं ठरलेलं असतं. म्हणून तुमचे छेदकाका म्हणतात ती "कोणतीही व्यक्ती" मला फार मोलाची वाटली. आमच्या मतदानात ती सोय नाही. इथे पीएचडी करणारी किती तरी परदेशी मुलं पाच-सहा वर्षं राहतात, भाडं भरतात, आणि त्यांना मत नाही. मलाही बरीच वर्षं नव्हतं.

दुसरी एक गोष्ट तुमच्याकडेही तपासा: कॉलेजच्या आवारावर नगरपरिषदेचं किती चालतं? आमचं विद्यापीठ राज्याचं आहे, गावाचे बांधकामाचे नियम त्याला लागूच होत नाहीत. गावाने नुसतं बघायचं. २०१८ मध्ये विद्यापीठाचा स्वतःचा दीर्घकालीन आराखडा झाला तेव्हा शहर आणि काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) दोघांनी अडून बसून करार करून घेतला, की विद्यार्थी वाढवाल तर त्यांची राहण्याची सोय तुमच्या आवारात वाढवा. माझ्या मते या गावातल्या सगळ्या सभांपेक्षा त्या एका कराराने जास्त काम केलं. तुमच्या कॉलेजचे ट्रस्टी दरवर्षी जागा वाढवून घेतात आणि पोरं झोपतात तुमच्या माडीवर, बरोबर? (तुमचा त्यात फायदा आहे, पण तुम्ही स्वार्थ आधीच सांगून टाकलाय!) त्या ट्रस्टींनाही विचारा ना, पुढच्या वीस वर्षांत किती पोरं आणणार आहात ते.

आणि सभा संध्याकाळी साडेसहाला ठेवू नका. त्या वेळेला निवृत्त लोक सोडून कुणी मोकळं नसतं. इथे शनिवारी सकाळी सेंट्रल पार्कात शेतकरी बाजार भरतो. तिथे टेबल टाकून बसलं की तासाभरात सभेपेक्षा जास्त आणि वेगळी माणसं बोलतात. तुमच्याकडे आठवडी बाजार असेलच.

कॉट_नंबर_तीन:

मी लातूर जिल्ह्यातली. तुमच्यासारख्याच एका गावात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं, आता पुण्यात नोकरी. कॉट बेसिसवरच राहायचे.

काका, पोरं "आम्ही जाणार" म्हणतात कारण त्यांना प्रश्नच कळलेला नसतो. "विकास आराखड्यावर तुमचं मत काय" असं मला त्या वयात कुणी विचारलं असतं तर मीपण पळाले असते. मला विचारायचं होतं तर असं विचारा: रात्रपाळी संपवून हॉस्पिटलमधून खोलीवर कुठल्या रस्त्याने येतेस? मी अर्धा तास बोलले असते. आमच्या रस्त्यावर एका पडक्या गोडाऊनच्या भिंतीपासून पुढे दिवा नव्हता. आम्ही सहाजणी एकमेकींसाठी थांबायचो आणि मग निघायचो, ड्यूटी कुणाची कधीही सुटो. पाणी एक दिवसाआड यायचं आणि मालकीण सगळ्यांत आधी आमचा नळ बंद करायची. दवाखाना जवळ हवा वगैरे नाही, आम्ही दवाखान्यातच होतो. आजारी पडलं तर रात्री पेज करून द्यायला कुणी नव्हतं, हे खरं दुखणं, पण ते डीपीत येत नसेल.

आणि मुलींना वेगळं विचारा. मुलं शेजारी उभी असली की आम्ही "सगळं ठीक आहे" म्हणतो.

शिवेवरची:

मी तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातली, पूर्वी ग्रामपंचायत सदस्य होते. आमचं गाव हद्दवाढीत शहरात गेलं. कारण तेच, कॉलेज आमच्या शिवारात आणि शहर वाढत वाढत आमच्या दारात.

ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. भांडणं व्हायची, कोरम नाही म्हणून तहकूब व्हायची, पण म्हातारी बाई उठून सरपंचाला विचारू शकायची, गायरानाचं काय केलंस. शहरात गेल्या दिवसापासून ते संपलं. प्रभाग समिती राज्यघटनेनं बंधनकारक केलीय ती तीन लाखांच्या वर लोकसंख्या असेल तिथं. आपल्यासारख्या गावांना तीही नाही. २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली असं आम्हाला एका शिबिरात शिकवलं होतं. आमच्याकडं एकही क्षेत्रसभा भरलेली मी बघितली नाही. म्हणजे गाव मोठं झालं आणि बोलायची जागा गेली.

तुमच्या कॉलेजच्या पलीकडं अजून ग्रामपंचायती असतील तर त्यांना आत्ताच सांगा. तिथं कॉट बेसिसची घरं आधीच सुरू झाली असणार, कारण जमीन स्वस्त. ती गावं या डीपीत नाहीत, पण त्यांचं सांडपाणी तुमच्याच ओढ्याला येणार. त्यांना ग्रामसभेचा ठराव करून तुमच्या नगरपरिषदेकडं पाठवता येतो. ठरावाला वजन असतं, नुसत्या सह्यांच्या कागदाला नसतं.

गेटसमोर:

सगळ्यांचे आभार. खंडूशेठ तुमचेसुद्धा, लॅमिनेशनचा दर सांगू का?

काय केलं ते सांगतो. कॉलेजच्या बाजूचा नकाशाचा तुकडा मोठा करून ए-थ्रीवर काढला आणि काउंटरवर काचेखाली ठेवला. वर ट्रेसिंग पेपर, आणि दोरीला बांधलेलं लाल पेन. कॉट_नंबर_तीन ताईंनी सांगितल्याप्रमाणे डीपी हा शब्दच काढला नाही. पाटी लावली: राहता कुठं, येता कुठून, भीती कुठं वाटते. झेरॉक्स निघेपर्यंत पोरं रेघा मारतात. ट्रेसिंग भरला की बदलतो. सकाळी मुलींची गर्दी असते तेव्हा काउंटरवर बायको बसते, मी आत.

मला वाटलं होतं सगळ्या रेघा मेन रोडवर येतील. नाही आल्या. निम्म्याहून जास्त पाटाच्या कडेनं. पाटबंधाऱ्याचा जुना पाट आहे, त्याच्या बांधावरून नर्सिंगच्या पोरी मागल्या बाजूनं येतात, ट्रॅक्टर चुकवायला. आम्ही गावातली माणसं तिकडनं चालत नाही, त्यामुळं डोक्यातच नव्हतं. नकाशात तो रस्ता नाहीच, नुसती पाटाची निळी रेघ. तर एक सूचना ती: पाटाच्या कडेनं पायवाट दाखवा, दिव्यांसकट. नर्सिंगच्या चार पोरींनी आपापल्या अक्षरात लिहून दिली.

शिक्षक कॉलनीतले एक सर, पूर्वी भूमितीच शिकवायचे, ते रोज येऊन ट्रेसिंग बघायला लागले. त्यांनीच पट्टीनं मोजून दाखवलं की मैदानाचं आरक्षण आमच्या गेटपासून तीन किलोमीटरवर आहे, म्हणून पोरं कॉलनीच्या रस्त्यावर क्रिकेट खेळतात आणि यांच्या काचा फुटतात. आता ते स्वतःच्या नावानं अर्ज देतायत, मैदानाचं एक आरक्षण कॉलेजच्या बाजूला टाका म्हणून. बाकीचे सर अजून कॉट बेसिस बंदवरच आहेत, त्यांचा वेगळा अर्ज गेला. जाऊ दे.

प्रवेशक्षमतेची बेरीज केली. मुख्य कॉलेजच्या ऑफिसात पुढच्या वीस वर्षांचं विचारायला गेलो तर क्लार्कनं ट्रस्टच्या ऑफिसला जा म्हणून सांगितलं, तिथल्यांनी प्राचार्यांना भेटा म्हणून सांगितलं. पुटा_क्रीक ताई, करार फार लांब राहिला, पण सूचना म्हणून लिहून दिलंय की कॉलेजकडून हा आकडा नगरपरिषदेनं लेखी मागवावा.

मळीच्या रानाचं मात्र पेटलंय. ज्यांची रानं पिवळी झालीत त्यातले दोघं दुकानात आले. एकानं शांतपणे सांगितलं, "आमच्या पोरांच्या घराची जागा आहे ती, तू हिरवी, म्हणजे शेतीचीच, करायला निघालास." दुसऱ्यानं शांतपणे नाही सांगितलं. दोघंही जुने गिऱ्हाईक. २०१९ ला पोरं बाहेर काढायला आणलेला ट्रॅक्टर या पहिल्याचाच होता. काय बोलायचं सुचलं नाही. पूररेषेचा अर्ज लिहून तयार आहे, अजून दिला नाही. छेदसाहेब, या माणसाला काही भरपाई वगैरे मिळते का, जमीन हिरवी राहिली तर?

आडवा_छेद:

नाही. आरक्षण पडलं तर मोबदला मिळतो, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो, दहा वर्षांत जागा घेतली नाही तर कलम १२७ ची नोटीस देता येते. नुसता विभाग हिरवा राहिला तर काही मिळत नाही. त्यांचा राग त्या अर्थाने बरोबर आहे.

अर्ज द्या, पण त्यात कुणाचं नाव किंवा "अमक्याची जमीन" लिहू नका. एवढीच मागणी करा की समितीने निर्णयाआधी जलसंपदा विभागाची पूररेषा नकाशावर उतरवून पाहावी. जमीन लाल-निळीच्या मध्ये आली तर काही अटींवर बांधकाम बसू शकतं, निळीच्या आत आली तर तो पिवळा रंग त्यांनाच उद्या महागात पडेल, परवानगीच्या वेळी. हे त्या ट्रॅक्टरवाल्यांना अर्ज द्यायच्या आधी सांगा, त्यांच्या घरी जाऊन. आणि त्यांनाही स्वतःचा अर्ज द्यायला सांगा, त्यांचंही म्हणणं दप्तरी असलं पाहिजे.

पाटाच्या अर्जात एक भर घाला. पाटाची जमीन पाटबंधारे खात्याची असते, नगरपरिषद म्हणेल आमच्या हातात नाही. "संबंधित विभागाचे ना-हरकत घेऊन" असे शब्द तुम्हीच टाका, म्हणजे ते कारण उरत नाही.

प्रत्येक अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्या. पोरींनी अर्जावर कायमचा पत्ता घातला असेल तर सुनावणीची नोटीस लातूर-नांदेडला जाईल. "द्वारा" करून तुमच्या दुकानाचा पत्ता घाला. आणि परीक्षा कधी संपतात ते मुख्याधिकाऱ्यांना आत्ताच लेखी कळवून ठेवा. सुनावणी ऐन मे महिन्यात लागली तर समितीसमोर तुम्ही आणि भूमितीचे सर, दोघंच असाल.